श्वासनळीतल्या फुग्याचा मागोवा

ऑपरेशननंतर शुद्धीवर आलेला पेशंट पुष्कळदा टाक्यांआधी घशाची तक्रार करतो. घसा खवखवतो, आवाज बसलेला असतो. नळी घातली होती, दोन दिवसांत बरं वाटेल, असं त्याला सांगतात आणि बहुतेकांना तसं वाटतंही. ज्यांना वाटत नाही, त्यांच्या दुखापतीचा माग काढत गेलं की दीडशे वर्षं मागे जावं लागतं. तिथे असंच दिसतं की एका धोक्यावर काढलेला तोडगाच पुढच्या दुखापतीचं कारण ठरला.

पहिला धोका रक्ताचा होता. तोंडात किंवा जिभेवर शस्त्रक्रिया करताना रक्त श्वासनळीत उतरायचं. म्हणून जर्मन सर्जन फ्रीडरिश ट्रेंडेलेनबर्ग यांनी गळ्याला छेद देऊन बसवायच्या नळीवर रबराचा फुगा चढवला आणि १८७१ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. फुगा फुगवला की नळीभोवतीची वाट बंद. १८७८ मध्ये ग्लासगोच्या विल्यम मॅकेवेन यांनी गळा न कापता नळी तोंडावाटेच घातली. रोग्याच्या जिभेच्या मुळाशी कॅन्सर होता. तो जागा असतानाच मॅकेवेन यांनी बोटाने चाचपत नळी स्वरयंत्रातून खाली सरकवली आणि मग क्लोरोफॉर्म दिला. रक्त अडवायला वरून स्पंज दाबून बसवला.

पहिल्या महायुद्धात चेहरे उद्ध्वस्त झालेले सैनिक इंग्लंडमध्ये सिडकपच्या इस्पितळात आले. तोंडावरच शस्त्रक्रिया चालू असताना भुलीचा मास्क धरायचा कुठे? आयव्हन मॅगिल आणि स्टॅन्ली रोबॉटम यांनी तिथे रबरी नळीचं तंत्र पक्कं बसवलं. १९२८ मध्ये अमेरिकेत आर्थर ग्वेडेल आणि राल्फ वॉटर्स यांनी तोंडातून घालायच्या नळीवर फुगा आणला. तो पाणी आत जाऊ देत नाही हे दाखवायला ग्वेडेल यांनी आपल्या कुत्र्याला भूल देऊन, नळी घालून चक्क पाण्याच्या टाकीत बुडवलं होतं. कुत्रा सुखरूप शुद्धीवर आला. पण १९३२ मध्येच नळीच्या घासण्याने स्वरयंत्रात गाठ आल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात छापून आली.

तरी नळी तासा-दोन तासांत निघत होती, तोवर बरंच निभावत होतं. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली. श्वास थांबलेल्या रोग्यांच्या गळ्यातल्या फुग्याच्या नळीतून वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हाताने हवा भरली आणि पुष्कळांचे जीव वाचवले. आजच्या अतिदक्षता विभागाचा उगम तिथला. आता नळी दिवसेंदिवस, आठवडेच्या आठवडे आत राहू लागली.

त्या काळचे फुगे लहान आणि ताठ असत. हवा अडवण्याइतके फुगवायचे तर आत फार दाब भरावा लागे आणि फुग्याचा ताण श्वासनळीच्या भिंतीवर येई. त्या भिंतीच्या आतल्या नाजूक अस्तरातल्या केशवाहिन्या बाहेरून दाब आला की मिटतात. रक्त थांबलं की अस्तर मरतं, खालची कूर्चेची कडी उघडी पडतात, झिजतात, तुटतात. मग जखम भरते, पण भरताना चहूबाजूंनी आवळत जाते. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये जोएल कूपर आणि हर्मिस ग्रिलो यांनी दगावलेल्या रोग्यांच्या श्वासनळ्या तपासून १९६९ मध्ये ही सारी साखळी मांडली. या व्रणाचा घात असा की तो उशिरा बोलतो. रोगी बरा होऊन घरी जातो, काही आठवड्यांनी त्याला धाप लागते, श्वासाला शिट्टीसारखा आवाज येतो आणि दम्याची औषधं सुरू होतात.

त्यानंतर फुगा मोठा आणि सैल झाला, कमी दाबात भिंतीला टेकणारा. पण सैल फुग्यातही हवा जास्त भरता येतेच. १९८४ मध्ये सीगोबिन आणि व्हॅन हॅसेल्ट यांनी दुर्बिणीतून पाहिलं, तर ३० सेंटिमीटर पाण्याच्या वरच्या दाबाला अस्तराचा रक्तपुरवठा खुंटू लागत होता. भूल देताना नायट्रस ऑक्साइड वापरला असेल तर तो वायू फुग्याच्या पातळ भिंतीतून आपोआप आत शिरतो आणि सुरुवातीला योग्य असलेला दाब तासाभरात चढतो. नळीच्या बाहेर लोंबणारा छोटा फुगा चिमटीत दाबून अंदाज घेण्याची सवय जुनी आहे. तो अंदाज भरवशाचा नाही, हे वारंवार दिसलेलं आहे.

अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांवरच्या ४,४६० नुकसानभरपाईच्या दाव्यांचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत २६६ दावे श्वासमार्गाच्या दुखापतीचे होते आणि त्यांतले सुमारे एक तृतीयांश स्वरयंत्राचे. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती पुढची नोंद: स्वरयंत्राच्या बहुतेक दुखापती नळी सहज गेलेल्या रोग्यांच्याच होत्या. कठीण प्रसंगी सगळे सावध असतात. म्हणून फुग्यातला दाब मोजण्याचं साधं मनोमीटर अवघड केसपुरतं राखून ठेवण्यात काही अर्थ नाही. कोविडमध्ये व्हेंटिलेटरवर दीर्घकाळ राहून वाचलेल्यांतही असे आवळलेल्या श्वासनळीचे रोगी पुढे आले. घरी आलेल्या माणसाला महिन्याभराने धाप लागली, तर डॉक्टरांना आधी हेच सांगायला हवं की यांना नळी घातलेली होती, आणि ती किती दिवस होती.