हक्क आणि लाजिमा

जपानी भाषेत ‘केनएकी’ असा एक भारदस्त शब्द आहे. ‘केन’ म्हणजे अधिकार, ‘एकी’ म्हणजे लाभ. १९०५ च्या तहाने जपानला रशियाकडून दक्षिण मांचुरियातला लोहमार्ग मिळाला. त्या ‘केनएकी’च्या रक्षणाचे निमित्त करून जपानी सैन्याने १९३१ साली मांचुरियाच घशात घातला.

मला हा शब्द परका वाटत नाही. आपल्या वतनपत्रांतला ‘हक्क-लाजिमा’ त्याचाच भाऊबंद. ‘हक्क’ अरबी, त्याचा मूळ अर्थ सत्य. लाजिमा म्हणजे त्याला चिकटून येणारी प्राप्ती. ती ज्याच्या खळ्यातून येई, त्या कुणब्याचे नाव शब्दात नाही.

आमचे अणदूर निजामाच्या मुलखात होते. १९४८ साली ते राज्य गेले, १९४९ साली जहागिऱ्या गेल्या. १९५० च्या घटनेतील मूलभूत हक्कांना लाजिमा नाही. तिथे हक्क पुन्हा सत्याजवळ आला.