हँडलाचा काळ

मोटारीचा इतिहास लिहिणारे तिच्या वेगाचे आणि वैभवाचे वर्णन विस्ताराने करतात. परंतु रात्रभर थंड पडलेले इंजिन पहाटे जागे कसे करावयाचे, आणि ते जागे होईना तर दोष कोठे दडला आहे याचा शोध कसा घ्यावयाचा, या दोन प्रश्नांपायी पहिल्या अर्धशतकात किती मनगटे दुखावली आणि केवढी बुद्धी राबली, याची दखल घेणारे विरळा. माझ्या मते या यंत्राच्या इतिहासातला सर्वांत मानवी भाग तोच होय. आणि आपल्या मुलखापुरता तर तो, ज्यांचे नाव कोणत्याही दप्तरात सापडावयाचे नाही, अशा क्लीनरांनी आणि मिस्त्र्यांनी घडविलेला आहे.

कार्ल बेंझ याने १८८६ साली ज्या तीनचाकी वाहनाचे पेटंट मिळविले, त्याचे इंजिन सुरू करण्यासाठी मागे आडवे बसविलेले गतिचक्र हातांनी फिरवावे लागे. १८८८ च्या ऑगस्ट महिन्यात त्याची पत्नी बेर्टा पतीला न कळविता दोन मुलांना घेऊन अशाच वाहनातून मानहाइमहून फोर्झहाइमला, म्हणजे सुमारे शंभर किलोमीटर, गेली. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती तिने टोपीच्या टाचणीने मोकळी केली आणि ठिणगीच्या तारेचे आवरण झिजले तेथे मोज्याचा बंद गुंडाळला. पेट्रोलची गाडी अडते ती बहुधा इंधनापायी किंवा ठिणगीपायी, हे ज्ञान अशा रीतीने पहिल्याच दूरच्या प्रवासात एका स्त्रीने हस्तगत केले.

पुढे १९०२ साली रॉबर्ट बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड याने उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला आणि बॅटरीवाचूनही इंजिनाच्या स्वतःच्या फिरण्यातूनच ठिणगी निर्माण होऊ लागली. मात्र संथ फिरणाऱ्या मॅग्नेटोची ठिणगी दुर्बळ असल्याने, हँडल मारणाऱ्याला ते जोराने ओढणे क्रमप्राप्तच झाले. त्यातच ठिणगी मागे घेण्याची खिटी सरकविण्यास कोणी विसरला, तर पिस्टन माथ्यावर पोहोचण्यापूर्वीच वायूचा भडका उडे, इंजिन उलट फिरे आणि हँडल माणसाच्या हातावर आदळे. मनगटाजवळच्या एका अस्थिभंगाला शल्यवैद्यांनी शोफरचेच नाव दिले, इतका तो अपघात नित्याचा होता. म्हणून हँडल मारण्याचा एक कडक दस्तूर पडला: अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावयाचा, हँडलाभोवती मिटावयाचा नाही; आणि झटका खालून वर ओढून द्यावयाचा, वरून खाली दाबून कधीही नाही.

१९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग याचा विजेचा स्टार्टर आला, तेव्हा अमेरिकेत या संकटाचा अंत दृष्टिपथात आला. आपल्याकडे मात्र हँडलाचा अंमल त्यानंतरही कित्येक दशके टिकला. बॅटरी महाग, ती भारित करण्याची सोय शहरापुरती, आणि जुन्या लॉऱ्यांचे आयुष्य येथे अपेक्षेबाहेर लांबविले जाई. अँबॅसडरसारख्या गाडीलाही पुढून हँडल घालण्याचे छिद्र ठेवलेले असे. उतारूंची खासगी वाहतूक करणाऱ्या सर्व्हिस मोटारींच्या त्या युगात परवाना ड्रायव्हरच्या नावाचा असे आणि गाडी मालकाच्या. परंतु पहाटेच्या थंडीत हँडल मारणारा, पाणी भरणारा आणि चढावर चाकाखाली दगड लावणारा इसम म्हणजे क्लीनर. त्याच्याच हातून बहुधा पुढचा मिस्त्री तयार होई.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले आणि कोळशाच्या वायूवर चालणाऱ्या मोटारी रस्त्यावर उतरल्या, तेव्हा तर गाडी सुरू करणे हा एक विधीच होऊन बसला. गाडीला जोडलेल्या उभ्या भट्टीत लोणारी कोळसा भरावयाचा, तो पेटवून हाताने पंखा फिरवीत निखारे फुलवावयाचे, आणि निघणारा वायू काडी लावून पेटतो आहे अशी खात्री झाल्यावरच इंजिनाला हात घालावयाचा. या वायूचे बळ पेट्रोलहून कमी, गाळणीत राख साचे ती वेगळीच. त्यामुळे घाटात उतारूंनी खाली उतरून गाडी ढकलणे यात कोणाला विशेष वाटत नसे.

या साऱ्यातून मिस्त्र्यांची जी तपासपद्धती उभी राहिली, ती मला एखाद्या शास्त्राइतकीच आदरणीय वाटते, कारण तिचे मर्म निरसनात आहे: जे निर्दोष ठरले ते बाजूला सारावयाचे आणि उरलेल्यात शोधावयाचे. प्रथम प्लगची तार काढून तिचे टोक इंजिनाच्या लोखंडापासून किंचित दूर धरावयाचे. निळी, कडक ठिणगी उडाली तर वीज निर्दोष, मग कार्बुरेटरकडे वळावयाचे. पिवळट आणि मरगळलेली उडाली, किंवा उडालीच नाही, तर मागे मागे जात डेल्कोचे, म्हणजे प्लगांना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरचे, झाकण उघडावयाचे. बॅटरीच्या सहा किंवा बारा व्होल्टांचे कित्येक हजार व्होल्ट कॉइल करते खरी, परंतु त्या झाकणाखालचे विद्युतस्पर्शक, म्हणजे पॉइंट, उघडतात त्या क्षणीच. आणि त्यांच्यातील अंतर इंचाच्या पंधरा-वीस सहस्रांशांएवढे सूक्ष्म असल्याने थोडासा गंज किंवा काजळी सारा व्यवहार बंद पाडी. पॉइंट काळे पडून वारंवार जळत असतील तर संशय कंडेन्सरवर जाई. पावसाळ्यात कोकणात झाकणाच्या आत दमट बाष्प धरे आणि वीज भलत्याच वाटेने निसटे. तेव्हा कोरड्या फडक्याने पुसणे हाच उपाय पुरे होई. उलट वैशाखात घाट चढून थांबलेली गाडी पुन्हा सुरू होत नसेल, तर पेट्रोलची नळीतच वाफ झाली असे ओळखून पंपावर ओले फडके ठेवीत. ऋतुमानानुसार निदान बदलणारी ही विद्या पुस्तकातून आलेली नव्हती.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस.टी.ची पहिली बस धावली, आणि डेपोतील नियमित देखभालीमुळे रस्त्यावरच्या तपासाचे बरेच काम आगारात गेले. पुढे डिझेल इंजिने आली. त्यांत ठिणगीच नाही, हवा दाबली जाऊन तापते आणि इंधन त्या उष्णतेने पेटते. त्यामुळे प्लग, पॉइंट, कॉइल या साऱ्यांची जागा नळीत शिरलेल्या हवेने घेतली, आणि ती पंपापाशी बाहेर काढण्याचे कसब मिस्त्र्यांनी लवकरच आत्मसात केले. पेट्रोलच्या गाड्यांतही कालांतराने इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन आले व पॉइंट घासण्याचे काम संपले.

हँडल गेल्याने मनगटे वाचली, हे निःसंशय चांगलेच झाले. परंतु त्याबरोबर एक परीक्षाही गेली, तिची नोंद करणे आवश्यक वाटते. प्रज्वलन बंद ठेवून जाणता मिस्त्री हँडल सावकाश फिरवी आणि प्रत्येक सिलिंडरच्या दाबाचा विरोध वैद्याने नाडी पाहावी तसा हाताला पारखून घेई. चारांपैकी एक जागा मऊ लागली, की व्हॉल्व्ह जळाला आहे किंवा रिंग झिजली आहे हे इंजिन न उघडता त्याला कळे. आज तेच काम प्लगच्या छिद्रात दाबमापक बसवून करतात. मापक आकडा अचूक दाखवितो, आणि तो पाहण्यासाठी निदान सर्व प्लग तरी काढावे लागतात.