वैशाखातला मांडव स्वस्त कोणासाठी होता?

१/ १२ मे १८७५. ऐन लग्नसराईच्या दिवसांत पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला. सावकारांच्या वह्या आणि कर्जखते हे त्याचे लक्ष्य. कुणबी कर्जबाजारी का होतो? ‘लग्नात उधळपट्टी करतो म्हणून’, हे तेव्हाचे सोपे उत्तर.

२/ उठावाच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाला ते पटले नाही. लग्नखर्च कर्जात भर घालतो, परंतु कर्जाचे मूळ तो क्वचितच असतो, असा त्याचा निष्कर्ष होता.

३/ निदान मांडवाची शोभा तरी कर्ज काढून होत नसे. चैत्र-वैशाखात रब्बीची सुगी उरकलेली असे. मेढी रानातल्या, वर आंब्या-जांभळाचे डहाळे, दाराशी केळीचे खुंट, आंब्याच्या पानांचे तोरण. रोकड जवळजवळ लागतच नसे.

४/ श्रम मात्र लागत. चौरंग सुताराचा, मडकी कुंभाराची, पत्रावळी गुरवाच्या, पायघड्या परिटाच्या. मोबदला म्हणजे सुगीला मिळणारे बलुत्याचे धान्य आणि लग्नातला ठरलेला मान. तोरण बांधण्याचा मान मांगाचा. पंगतीत मात्र त्याला जागा नसे.

५/ म्हणून ‘पूर्वीची लग्ने साधी आणि स्वस्त होती’ हे विधान अर्धेच खरे आहे. यजमानाच्या काटकसरीचा काही भार जातिव्यवस्थेने दुसऱ्यांच्या खांद्यावर ठेवला होता. आज मांडवाचे बिल हाती येते, तेव्हा त्यातील काही रक्कम ही त्या श्रमाला उशिरा मिळालेली किंमत असते.