पाळणाघर, शाळेची फी आणि आयकरातील वजावट

पती-पत्नी दोघेही पहाटेची लोकल गाठतात आणि मूल संध्याकाळपर्यंत पाळणाघरात राहते, अशी कुटुंबे आपल्या प्रत्येक धर्मग्रामात आहेत. हा खर्च आयकरातून वजा करता येतो का, असा प्रश्न आम्हांला वारंवार विचारला जातो. उत्तर नकारार्थी आहे. अमेरिका व कॅनडा येथे बालसंगोपनाच्या खर्चावर करसवलत मिळते आणि तेथील नातलगांकडून ते ऐकून आपल्याकडे गैरसमज होतो. भारतात पाळणाघराची फी किंवा मूल सांभाळणाऱ्या बाईंचा पगार यांवर कोणतीही वजावट नाही.

वजावट आहे ती शिक्षण शुल्काची. १९६१ च्या आयकर कायद्यात ती कलम ८० सी मध्ये होती. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नासाठी असलेल्या २०२५ च्या कायद्यात ती कलम १२३ मध्ये आहे. भारतातील शाळा, महाविद्यालय वा विद्यापीठ यांना पूर्णवेळ शिक्षणासाठी भरलेले शुल्क यात धरले जाते. प्राप्तिकर मंडळाच्या परिपत्रकांनुसार प्ले स्कूल, पूर्व-नर्सरी व नर्सरी यांचाही पूर्णवेळ शिक्षणात समावेश होतो. त्यामुळे बालवाडी आणि पाळणाघर एकाच इमारतीत चालत असतील, तर दोहोंच्या पावत्या वेगळ्या मागून घ्याव्यात. विकास निधी, देणगी, बसचे भाडे, गणवेश आणि खासगी शिकवणी यांची रक्कम मात्र चालत नाही. शाळेची पावती एकरकमी असेल, तर कार्यालयातून तपशीलवार दाखला घ्यावा.

भविष्य निर्वाह निधी, आयुर्विमा, गृहकर्जाची मुद्दल व ही फी मिळून मर्यादा १,५०,००० रुपये आहे. प्रत्येक पालकाला दोन मुलांपुरती वजावट मिळते. तीन मुलांच्या कुटुंबाचे उदाहरण घेऊ. वडिलांनी थोरल्या दोघांची ७०,००० रुपये फी भरली आणि आईने धाकट्याची २५,००० भरली, तर दोघेही आपापली रक्कम दाखवू शकतात. परंतु वडिलांचा भविष्य निर्वाह निधीच १,२०,००० असेल, तर त्यांना ३०,००० हून अधिक लाभ होणार नाही. अशा वेळी थोरल्यांपैकी एकाची फी आईने आपल्या खात्यातून भरणे शहाणपणाचे ठरते, अर्थात तिच्या उत्पन्नावर कर लागत असेल तर. एकच पावती दोघांनी पूर्ण रकमेसाठी दाखवणे ही मात्र सरळ चूक आहे.

दत्तक व सावत्र मुले कायद्याने अपत्यच मानली जातात. स्नानसंस्काराच्या वेळी धर्मपिता झालेल्या मामाने भाच्याची फी भरली, तर त्या उदारपणाला आयकर खाते काही देत नाही, कारण वजावट स्वतःच्या अपत्यांसाठीच आहे.

आता महत्त्वाची अट. ही वजावट फक्त जुन्या करपद्धतीत मिळते. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून नवी पद्धत आपोआप लागू होते, म्हणून जुनी हवी असल्यास विवरणपत्र मुदतीतच भरून त्यात तसा पर्याय निवडावा लागतो. उशिरा भरल्यास तो हक्क जातो. व्यवसायाचे उत्पन्न असणाऱ्यांना यासाठी वेगळा फॉर्म भरावा लागतो. पण घाईने जुनी पद्धत निवडू नये. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर, भांडवली नफ्यासारखे विशेष दराचे उत्पन्न वगळता, कर शून्य होतो. आमच्या मते मध्यम पगाराच्या बहुतेक कुटुंबांना नवीच पद्धत स्वस्त पडेल, तरीही दोन्ही हिशेब मांडून पाहावेत.

पावत्या विवरणपत्राला जोडायच्या नसतात, जपून ठेवायच्या असतात. कुणी एजंट ‘सगळेच घालतात’ असे सांगून पाळणाघराची रक्कम शिक्षण शुल्कात घालत असेल, तर सही करू नये. चुकीची माहिती दिल्याचे सिद्ध झाल्यास बुडवलेल्या कराच्या २०० टक्क्यांपर्यंत दंड होतो आणि तो एजंटला नव्हे, करदात्याला भरावा लागतो.