पोलीस ॲक्शननंतरचे पुनर्वसन (बीदर व कलबुर्गी)

हैदराबाद संस्थानातील बीदर व गुलबर्गा (आता कलबुर्गी) जिल्ह्यांत १९४८ च्या हिंसाचारात होरपळलेली सामान्य माणसे पुन्हा उभी राहण्याचा इतिहास. ही हानी दोनदा झाली, दोन वेगळ्या समाजांची झाली. तिची नोंद मात्र एकत्रच घ्यायला हवी.

भारतीय फौजा १३ सप्टेंबरला संस्थानात शिरल्या, हीच 'पोलीस ॲक्शन'. त्यापूर्वी कासीम रझवीच्या रझाकारांनी, म्हणजे संस्थानाचा राजा निजाम याच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांनी, खेडी लुटली, जाळली. बसवकल्याण तालुक्यातील गोर्टा येथे मे महिन्यात सुमारे २०० माणसे मारली गेल्याचे सांगतात. कित्येक कुटुंबे घरदार टाकून सरहद्दीपलीकडे सोलापूरच्या बाजूला गेली. निजामाने १७ सप्टेंबरला शरणागती पत्करली आणि सूडाची लाट मुसलमान वस्त्यांवर कोसळली. रझाकारांशी काडीचा संबंध नसलेलेही तीत भरडले गेले.

केंद्र सरकारच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आदींनी नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानात पाहणी केली. पोलीस ॲक्शनच्या काळात व नंतर किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, पैकी १८ हजारांहून कमी नाहीत इतकी उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड या चार जिल्ह्यांत, असा त्यांचा अंदाज होता. बळकावलेली घरे-जमिनी, सक्तीची धर्मांतरे, पळवलेल्या स्त्रिया हेही त्यांनी नोंदले. सावरण्याच्या पहिल्या खुणाही याच अहवालात सापडतात. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्याच धंद्यातल्या मुसलमान विणकरांना वाचवले, त्यापायी स्वतःचे जीवही गमावले. पळवलेल्या स्त्रियांना परत आणायला अनेक हिंदू पुढे आले.

सरकारने हा अहवाल प्रसिद्ध केला नाही. तो सर्वांना वाचायला मिळाला अलीकडे, २०१३ च्या सुमारास. ज्या हानीची सरकारने जाहीर कबुलीच दिली नाही, तिची भरपाई विधवेने मागायची कशाच्या आधारावर? १९४९ मध्ये जहागिऱ्या गेल्या, १९५० मध्ये कूळकायदा आला. पण हे कायदे कसणाऱ्यांसाठी होते, पीडितांसाठी नव्हते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले, बीदर व गुलबर्ग्याचे काही भाग आंध्र प्रदेशात, उरलेला बीदर व गुलबर्गा म्हैसूरकडे. एकाच जिल्ह्यातले पीडित तीन राज्यांत विभागले गेले. पुढे सरहद्दीवरील कॅम्पांत राहून निजामाविरुद्ध लढलेल्यांना स्वातंत्र्यसैनिक म्हणून निवृत्तिवेतन मिळू लागले, ते रास्तच होते. घर जळालेला शेतकरी त्या व्याख्येत बसला नाही, मग तो कोणत्याही धर्माचा असो. गोर्ट्याच्या मृतांचे स्मारकही खुले झाले ते मार्च २०२३ मध्ये.