कोळशाखालचें पाणी

खाण म्हटली कीं दगड, माती आणि धातु एवढेंच सामान्यतः डोळ्यांपुढें येतें. परंतु भूमीच्या पोटांत शिरणाऱ्याची खरी गांठ पुष्कळदां पाण्याशीं पडते. तामिळनाडूंतील नेवेली येथील लिग्नाइटच्या खाणीचा इतिहास हा याचा बोलका दाखला आहे. लिग्नाइट म्हणजे अपक्व असा तपकिरी कोळसा. नेवेलीस या कोळशाचा पत्ता पाण्यानेंच दिला, पाण्यानेंच त्याची वाट अडविली, आणि कोळसा हातीं आल्यावरही पाण्याचा प्रश्न मिटला नाहीं.

नेवेली हें ठिकाण चेन्नईच्या दक्षिणेस, पूर्वीच्या दक्षिण अर्काट व आजच्या कडलूर जिल्ह्यांत आहे. आपल्या सह्याद्रीकडील काळ्या फत्तराच्या भूमींत विहिरीचें पाणी खडकाच्या भेगांतून आणि मुरमांतून झिरपतें. नेवेलीची भूमि निराळी. वाळू, वालुकाश्म आणि चिकणमाती यांचे थर तेथें एकावर एक रचलेले असून ते समुद्राच्या बाजूस उतरते आहेत. पश्चिमेकडे जेथें हे थर उघडे पडतात, तेथें पावसाचें पाणी वाळूंत शिरतें आणि उतारानें पुढें जाऊन चिकणमातीखालीं कोंडलें जातें. उंचावरील टांकीचें पाणी नळांतून वरच्या मजल्यापर्यंत आपोआप चढावें, तसें हें कोंडलेलें पाणी छिद्र मिळतांच वर उसळतें. अशा विहिरींना आर्टेशियन विहिरी म्हणतात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, फ्रेंचांच्या ताब्यांतील पाँडिचेरीच्या मुलखांत अशा विहिरी खणतांना लिग्नाइट प्रथम आढळला. पुढें १९३५ च्या सुमारास नेवेलीचे जमीनदार जंबुलिंग मुदलियार यांच्या जमिनींतील विहिरींतून पाण्याबरोबर एक काळा पदार्थ वर आला. त्यांनीं तो सरकारच्या नजरेस आणला. १९४३ ते १९४६ या काळांत भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यानें तेथें छिद्रें घेतलीं. त्यानंतर खाणतज्ज्ञ एच. के. घोष यांच्या देखरेखीखालीं झालेल्या पाहणींत सुमारे १०० चौरस मैलांत २०० कोटी टन लिग्नाइट असल्याचा अंदाज निघाला. ज्या मद्रास इलाख्यास कोळसा दूर बंगाल-बिहारांतून आणावा लागे, त्याच्या दृष्टीनें हें भाग्यच उघडलें होतें.

परंतु या भाग्यावर पाण्याचा पहारा होता. लिग्नाइटच्या थराखालीं पाण्यानें भरलेली वाळू आहे, आणि तें पाणी थरास खालून दर चौरस सेंटिमीटरला ६ ते ८ किलोग्रॅम इतक्या जोरानें वर रेटीत असतें. हें ऐकून श्रोत्यांना नवल वाटेल कीं, मग ती भूमि आजवर फुटली कशी नाहीं? उत्तर सोपें आहे. वर ६०-७० मीटर माती असली, म्हणजे तिचेंच वजन दर चौरस सेंटिमीटरला १२ किलोग्रॅमांहून अधिक भरतें. हें झांकण आहे तोंवर पाणी मुकाट्यानें खालीं राहतें. खाण खणणें म्हणजे तर हेंच झांकण काढणें! माती निघून गेल्यावर उरतो तो केवळ लिग्नाइटचा थर. तो १५ मीटर जाड धरला, तरी त्याचें वजन पावणेदोन किलोग्रॅमांच्या वर जात नाहीं. अशा वेळीं खाणीचा तळच फुटून पाणी आणि वाळू आंत घुसणार, हें उघड होतें.

म्हणून नेवेलीस कुदळीच्या आधीं विचार चालला. १९५३ मध्यें एक प्रायोगिक खाण खणून पाण्याचा स्वभाव अभ्यासण्यांत आला. १९५४ मध्यें पॉवेल डफ्रिन या ब्रिटिश सल्लागार संस्थेचा अहवाल आला; १९५६ मध्यें नेवेली लिग्नाइट कॉर्पोरेशन स्थापन झालें आणि २० मे १९५७ रोजीं पंडित नेहरूंच्या हस्ते खोदकामास प्रारंभ झाला. उपाय ठरला तो असा: खाणीभोंवतीं खोल नलिकाकूप घ्यावयाचे आणि खालच्या वाळूंतील पाणी पंपांनीं अखंड उपसून त्याचा दाब थराच्या तळाखालीं उतरवावयाचा. पाणी संपवावयाचें नाहीं. त्याचा जोर तेवढा मोडावयाचा. ऑगस्ट १९६१ मध्यें लिग्नाइट उघडा पडला, आणि पुढील वर्षीं त्यावर वीज निर्माण होऊं लागली.

येथें कथा संपली असती, तर ती केवळ विजयाची कथा झाली असती. परंतु भूमीखालचें पाणी शेताचा बांध ओळखीत नाहीं. खाणीसाठीं दाब उतरला, तसा तो भोंवतालच्या गांवांतही उतरला. जेथें विहिरी आपोआप वाहत होत्या, तेथें त्या वाहण्याच्या थांबल्या, आणि शेतकऱ्यास पंप बसवून पाणी खेंचणें भाग पडलें. उपसलेलें पाणी वाया गेलें नाहीं, हें खरें. तें वीजगृहास, वसाहतीस आणि कांहीं शेतीसही मिळालें. तथापि एकाच्या विहिरींतून गेलेलें पाणी दुसऱ्याच्या पाटांत आलें, म्हणून पहिल्याचा हिशेब चुकता होत नाहीं.

नेवेलीच्या अभियंत्यांनीं थराची जाडी आणि पाण्याचा दाब मोजला, म्हणूनच ती खाण उभी राहिली. कोठेंही नवी खाण योजतांना ही मोजणी व्हावयासच पाहिजे. परंतु ती खाणीच्या कांठाशीं थांबतां कामा नये. पांच-दहा कोसांवरील विहिरीचें पाणी किती हात खालीं जाईल, हाही त्याच गणिताचा एक आंकडा आहे. तो खोदण्यापूर्वीं मांडला तर त्यास शास्त्र म्हणतां येतें. नंतर मांडला तर ती नुसती तक्रार होऊन बसते.