२७ ओळींचा वंशविस्तार

बदलापूरच्या बेलवलीत एखाद्या घरी संध्याकाळी संगणक सुरू करावा, ब्राउझर उघडावा आणि टास्क मॅनेजरमध्ये डोकावून पाहावे. पडद्यावर खिडकी एकच असते. यादीत मात्र त्याच नावाच्या दहा-पंधरा प्रक्रिया दिसतात. ही एका प्रोग्रामची प्रजा. तिला जन्म कोणी दिला? तिच्यावर लक्ष कोण ठेवते? आणि पालक अचानक मेला तर तिचे काय होते? उत्तरे अर्धशतकाहून जुनी आहेत. #थ्रेड

आरंभी हा प्रश्नच नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडवलेला 'टिफ्रॅक' १९६० साली कार्यान्वित झाला. त्याची स्मृती २०४८ शब्दांची. यंत्रावर एका वेळी एकच प्रोग्राम चाले. तो संपला की दुसरा. पालक नाही, अपत्य नाही, वारसाहक्काचा तंटाही नाही.

१९६३ साली मेल्विन कॉनवे यांनी एका शोधनिबंधात एक कल्पना मांडली. चालू प्रोग्रामच्या वाटेला मध्येच फाटा फुटावा, दोन्ही वाटा स्वतंत्रपणे चालाव्यात आणि पुढे एकत्र याव्यात. या फाट्याला त्यांनी 'फोर्क' म्हटले. बर्कली विद्यापीठातील एका कालविभाजन प्रणालीत 'फोर्क' प्रत्यक्षात उतरला. केन थॉम्पसन हे त्याच विद्यापीठाचे विद्यार्थी. पुढे बेल लॅब्समध्ये त्यांनी युनिक्सचा पाया घातला.

युनिक्सची पहिली आवृत्ती पीडीपी-७ या लहानशा यंत्रावर चाले. यंत्राला दोन टर्मिनले, म्हणून प्रक्रियाही मोजून दोनच. वापरकर्त्याने आज्ञा दिली की 'शेल' हा प्रोग्राम स्मृतीतील आपली जागा सोडे, तेथे आज्ञेचा प्रोग्राम येऊन बसे आणि तो संपला की शेल पुन्हा पहिल्यापासून आणावा लागे. घरमालकाने पाहुण्यासाठी घर रिकामे करावे आणि पाहुणा गेल्यावर सगळे सामान परत वाहून आणावे, तसा हा प्रकार!

मग 'फोर्क' आला. डेनिस रिची यांनी पुढे नोंदवून ठेवले आहे की पीडीपी-७ वर त्यासाठी असेंब्ली भाषेच्या नेमक्या २७ ओळी लागल्या. इतक्या थोडक्यात काम भागले, कारण चालू प्रक्रिया डिस्कवर उतरवून ठेवण्याची सोय आधीपासूनच होती. डिस्कवरच्या त्या प्रतीलाच नवी प्रक्रिया म्हणायचे आणि प्रक्रियांच्या तक्त्यात एक नोंद वाढवायची, बस्स. ज्या रचनेचे कौतुक पाठ्यपुस्तके आजही करतात, तिच्या मुळाशी तत्त्वचिंतनापेक्षा हाताशी असलेली सोय अधिक होती, हे विसरून चालणार नाही.

आनंद फार काळ टिकला नाही. चालू डिरेक्टरी बदलण्याची आज्ञा एकाएकी निकामी झाली. सगळा कोड पुन्हा वाचून काढला गेला, तेव्हा उलगडा झाला. आज्ञा आपले काम चोख करत होती. पण आता ती अपत्य प्रक्रियेत चालत होती. अपत्य स्वतःची डिरेक्टरी बदले आणि लगेच मरून जाई. पालक शेल होता तेथेच! अखेर ही आज्ञा शेलच्या पोटातच ठेवावी लागली. आज 'सीडी' ही आज्ञा शेलच्या आतच असते, त्याचे कारण हेच. अपत्य पालकाकडून सर्व काही घेते, पण पालकाला बदलू शकत नाही.

जन्मानंतर मृत्यूची व्यवस्था लागते. अपत्य संपले की ते कसे संपले, याची नोंद पालकासाठी राखून ठेवली जाते. 'वेट' ही हाक देऊन पालकाने ती घ्यायची. पालकाने ती घेतलीच नाही, तर मृत अपत्याचे नाव तक्त्यात तसेच राहते. त्याला 'झोंबी' म्हणतात. पालक आधी गेला, तर पोरक्या अपत्याला सामान्यतः क्रमांक १ ची प्रक्रिया, 'इनिट', दत्तक घेते. भाषा कुटुंबाची आहे खरी, पण नियम कोरडे आहेत.

पुण्यात या प्रश्नाला निराळे रूप मिळाले. १९८८ साली सी-डॅकची स्थापना झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' सिद्ध झाला. त्यात 'ट्रान्सप्युटर' नावाच्या प्रोसेसरांचे जाळे होते. या चिपची खुबी अशी की नवी प्रक्रिया सुरू करणे, ती संपवणे आणि पाळीपाळीने चालवणे हे काम चिप स्वतःच्या सूचनांनी करे. युनिक्समध्ये जे ऑपरेटिंग सिस्टिमचे कर्तव्य, ते येथे सिलिकॉनमध्ये कोरलेले होते.

टेबलावरच्या संगणकाचा मार्ग वेगळा. १९९३ च्या विंडोज एनटीने 'फोर्क'ची वाट धरली नाही. तेथे पालकाची प्रत काढली जात नाही; हवा तो प्रोग्राम थेट नव्या प्रक्रियेत सुरू होतो. मात्र नाते सैल. पालक बंद पडला तरी अपत्ये खुशाल चालू राहतात. सगळ्या प्रजेला एका दोरीत बांधून एकदम आवरण्यासाठी 'जॉब ऑब्जेक्ट' आले ते विंडोज २००० मध्ये.

डेस्कटॉप प्रोग्राम लिहिणाऱ्यांची खरी परीक्षा पुढेच होती. समजा, खिडकी असलेला एक प्रोग्राम व्हिडिओ बदलण्यासाठी दुसरा प्रोग्राम सुरू करतो आणि तो संपेपर्यंत वाट पाहत बसतो. इतक्यात खिडकी गोठते. त्याहून कपटी अडचण 'पाइप'ची. अपत्याचे शब्द पालकापर्यंत नेणाऱ्या या नळीला मर्यादा असते. लिनक्सवर ती सहसा ६५,५३६ बाइट. नळी भरली की अपत्य थांबते, कारण पालक वाचत नाही. पालक वाचत नाही, कारण तो अपत्य संपण्याची वाट पाहतो. दोघेही निर्दोष, आणि दोघेही कायमचे अडकलेले! उपाय साधा आहे : आधी वाचत राहावे, मग वाट पाहावी, आणि हे सारे खिडकी सांभाळणाऱ्या धाग्यापासून दूर करावे.

सप्टेंबर २००८ मध्ये गूगल क्रोम आला, तो टॅबांना वेगवेगळ्या प्रक्रियांत विभागूनच. एक पान कोसळले तरी बाकीची शाबूत राहावीत आणि घातक पानाला इतरांच्या स्मृतीत हात घालता येऊ नये, हा हेतू. किंमत स्मृतीच्या रूपाने मोजावी लागली. टास्क मॅनेजरमधली ती लांबलचक यादी म्हणजे त्याच सौद्याची पावती.

'फोर्क'वर टीकाही झाली. २०१९ साली अँड्र्यू बॉमन आणि सहकाऱ्यांनी एका शोधनिबंधात म्हटले की त्याचा काळ सरला आहे. अनेक धागे चालवणाऱ्या आजच्या अवाढव्य प्रोग्रामांची प्रत काढणे धोक्याचे आणि खर्चाचे आहे. आक्षेप वजनदार आहे. तरीही अँड्रॉइडमध्ये 'झायगोट' नावाची एक प्रक्रिया फोन सुरू होतानाच सज्ज होते आणि ॲप उघडले की 'फोर्क' करून तिचीच प्रत काढली जाते. बदलापूर लोकलच्या दारात उभ्या असलेल्या प्रवाशाच्या अँड्रॉइड फोनमध्येही हे दिवसभर चालू असते.